पद्मिनीची पन्नाशी आणि चाकांचे चार नट

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट मोटारीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले ते १९७४ मध्ये. म्हणजे २०२४ पासून या नावाच्या पहिल्या मोटारींनी पन्नाशी ओलांडायला सुरुवात केली आहे. एरवी हा केवळ आठवणींचा विषय ठरला असता. परंतु केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीमुळे मोटारीच्या पन्नास वर्षे वयाला कायदेशीर अर्थ प्राप्त झाला आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात जपलेली मोटार आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये मोजावे लागतात आणि ती नोंदणी दहा वर्षे टिकते. ज्या पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीला मुंबईने ऑक्टोबर २०२३ अखेरीस निरोप दिला, तीच पद्मिनी वर्षभरातच वारशाच्या दालनात प्रवेश करण्यास पात्र ठरावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या दालनाच्या उंबरठ्यावरच एक क्षुल्लक वाटणारा प्रश्न उभा आहे, आणि तो चाकांचा आहे. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांत एकेकाळी पद्मिनी ही डॉक्टरांची, वकिलांची, जिनिंगच्या मालकांची मोटार होती. आज त्यांच्या पुढच्या पिढीला ती घराच्या पोर्चमधून बाहेर काढून पुन्हा रस्त्यावर आणावीशी वाटते. इंजिन सुरू होते, रंग होतो, सीटचे कव्हर शिवून मिळते. मग नजर जाते ती अरुंद, ट्यूबच्या, ५.२० गुणिले १४ मापाच्या टायरवर आणि गंजलेल्या लोखंडी रिमवर. बाजारात तेरा इंची अलॉय व्हील आणि ट्यूबलेस रेडियल टायर सहज मिळतात. ते आणले जातात, आणि गॅरेजमध्ये जॅकवर उभ्या असलेल्या गाडीला लावताना लक्षात येते की भोके जुळत नाहीत.

चाकाची भोके ज्या काल्पनिक वर्तुळावर पाडलेली असतात, त्या वर्तुळाच्या व्यासाला कारागीर ‘पीसीडी’ म्हणतात. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या केंद्रांमधील अंतर मोजले की हा व्यास मिळतो. पाच स्टड असतील तर समोरासमोर कोणी नसते. तिथे शेजारच्या दोन स्टडमधले अंतर मोजून त्याला १.७०१ ने गुणावे लागते. पद्मिनीचा हा आकडा आहे ९८ मिलिमीटर, फियाटच्या इटालियन परंपरेतून आलेला. मारुती ८०० चा ११४.३, म्हणजे साडेचार इंच. महिंद्राच्या जुन्या जीपचा पाच स्टडवर १३९.७, म्हणजे साडेपाच इंच. दशांशातले हे विचित्र आकडे मिलिमीटरच्या वेशात वावरणारे इंच आहेत, हे एकदा लक्षात आले की त्यांचे गूढ राहत नाही. जीपमालक या बाबतीत नशीबवान म्हणावे लागतील. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे वर्तुळ पुढे जिप्सीने आणि २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीनेही पाळले. पद्मिनीचे तसे झाले नाही. तिच्या मापाचे वर्तुळ असलेल्या उनो आणि पॅलिओ या नंतरच्या फियाट मोटारींचे उत्पादनही केव्हाच थांबले. उरल्या त्या सॅन्ट्रो, स्विफ्ट अशा मोटारींच्या चाकांच्या राशी. त्यांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे.

अठ्ठ्याण्णव आणि शंभर. खरा धोका या दोन मिलिमीटरमध्ये दडलेला आहे.

११४ चे चाक ९८ च्या हबवर चढतच नाही, त्यामुळे तिथे फसगत होण्याचा संभव नाही. शंभरचे चाक मात्र थोडे ओढूनताणून ९८ वर चढते. प्रत्येक भोक स्टडच्या जागेपासून एकच मिलिमीटर बाहेर असते. नट आटे धरतो, पाना घट्ट होतो, चाक फिरते. कारागिराला वाटते काम झाले, आणि मालकालाही तसेच वाटते. परंतु नटाचे तोंड निमुळते असते आणि चाकाच्या भोकाची कडही तशीच उतरती असते. दोन्ही उतार सर्व बाजूंनी एकमेकांत बसले तरच चाक मध्यावर येते. केंद्र चुकले की नट एका बाजूने टेकतो आणि दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. पान्यावर जाणवणारा घट्टपणा त्या एका बाजूच्या घर्षणाचा असतो.

चाकाचा भार स्टड पेलतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. त्या ताणामुळे चाक आणि हब यांचे सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात आणि भार पेलला जातो तो या दोन पृष्ठभागांमधील घर्षणामुळे. हा दाब कायम असेपर्यंत बोटाएवढ्या जाडीचे चार स्टडही पुरेसे असतात. तो सुटला की चाक प्रत्येक फेऱ्यात सूक्ष्म सरकते आणि स्टड दर फेऱ्याला वाकतो व सरळ होतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसाच हा स्टडही शेवटी तुटतो. एक तुटला की उरलेल्या तिघांवर ताण येतो आणि मग फार वेळ लागत नाही. त्यामुळे अशा चुकीचा परिणाम गॅरेजच्या दारात दिसत नाही. तो काहीशे किलोमीटरनंतर, वेगात असताना दिसतो.

वर्धा जिल्ह्यात हा वेग आता फार दूर नाही. समृद्धी महामार्ग सेलू आणि आर्वी तालुक्यांतून जातो. येळाकेळी आणि विरुळ येथून त्यावर चढता येते. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा मिळाली. त्यानंतर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जणांचा बळी गेला. नागपूरहून पुण्याकडे निघालेल्या त्या बसमध्ये वर्ध्याचेही प्रवासी होते. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र त्याला पुष्टी देणारा पुरावा आढळला नाही. त्या वर्षी या मार्गावर टायरची तपासणी आणि चालकांचे समुपदेशन सुरू झाले, ते योग्यच झाले. पण सारी चर्चा रबरापुरती राहिली. टायर हबला कशाने बांधलेले आहे, हे विचारण्याची वेळ कोणावर आली नाही. १०८९ सीसीचे इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली पद्मिनी घेऊन समृद्धीवर हौसेने जाणाऱ्याने तो प्रश्न स्वतःलाच विचारायला हवा.

भोके जुळत नसतील तर व्यवहारात चार वाटा आहेत. पहिली वाट लेथवर जाते. हब आणि ड्रम काढून त्यांत नव्या वर्तुळावर भोके पाडायची. ९८ च्या जागी १०० करायचे असेल तर जुन्या भोकालगत नवे भोक पाडता येत नाही, दोन्ही एकमेकांत मिसळतात. संपूर्ण रचना ४५ अंशांनी फिरवून जुन्या दोन भोकांच्या मधोमध नवे पाडावे लागते. गणिताने तिथे दोन केंद्रांमध्ये सुमारे ३८ मिलिमीटर अंतर उरते आणि ते पुरेसे वाटते. पण अनेक जुन्या हबांची कड सगळीकडे सारखी जाड नसते. ओतताना स्टडभोवतीच मांस ठेवलेले असते. नवे भोक नेमके पातळ जागी येते. त्यातही स्टड हबमध्ये दाबून बसवायचा असतो. भोक केसभर मोठे झाले तर नट आवळताना स्टडच फिरू लागतो. काही ठिकाणी जुनी भोके वेल्डिंगने बुजवून त्याच जागी नवी पाडतात. ओतीव लोखंड वेल्डिंगच्या उष्णतेने तडकते, ही गोष्ट लेथवरच्या प्रत्येक जाणत्या कारागिराला ठाऊक असते. तरीही गिऱ्हाईक घाईत असले की ते काम केले जाते.

दुसरी वाट अ‍ॅडॉप्टरची. एक जाड चकती हबला जुन्या वर्तुळाने बांधायची आणि तिच्यावर नव्या वर्तुळाचे स्टड बसवायचे. मूळ गाडीला हात लागत नाही, हा तिचा मोठा गुण. दोष असा की चाक चकतीच्या जाडीइतके बाहेर येते. बेअरिंगवरचा भार लांबवर जातो, स्टीअरिंगला ओढ लागते, वळणावर टायर मडगार्डला घासते. शिवाय जिथे चार नटांची काळजी घ्यायची तिथे आठांची घ्यावी लागते, आणि त्यांतले चार चाकाआड लपलेले असतात. तिसरी वाट दुसऱ्या मोटारीचे हबच बसवण्याची. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक हवे असणारे मालक बहुधा इकडे वळतात. कारण रास्त आहे. ड्रम ब्रेकच्या मोटारीला आजच्या रहदारीत थांबवणे सोपे नाही. पण मग पुढे एक वर्तुळ, मागे दुसरे, आणि डिकीतली स्टेपनी दोहोंपैकी एकाच टोकाला बसणारी. रात्री पवनारच्या पुलाजवळ मागचे चाक पंक्चर झाले आणि स्टेपनी पुढच्या मापाची निघाली, तर त्या सुधारणेचे कौतुक कोण करील?

चौथी वाट सर्वांत कमी वापरली जाते आणि ती सर्वांत शहाणपणाची आहे. गाडी चाकासाठी बदलण्याऐवजी चाक गाडीसाठी मिळवायचे. मूळ मापाचे लोखंडी रिम शोधून सरळ करून घ्यावेत, किंवा ९८ च्याच वर्तुळाचे अलॉय मिळवावे. यात वेळ जातो आणि मिरवण्यासारखे फारसे काही हाती लागत नाही. पण हब अस्पर्श राहतो, आणि हब एकदा बिघडला की पद्मिनीचा दुसरा मिळवणे रिम मिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. चाक लहान केल्याने होणारे इतर नुकसान येथे विचारातही घेतलेले नाही. चौदा इंची जुन्या टायरऐवजी तेरा इंची बुटका रेडियल बसवला तर गाडी जमिनीपासून सुमारे तीन सेंटिमीटर खाली येते आणि वेगदर्शक काटा खऱ्याहून जास्त वेग दाखवू लागतो. वर्ध्याच्या गतिरोधकांची उंची पाहता तीन सेंटिमीटर ही मोठी चैन आहे.

या साऱ्यात कायदा कुठे आहे? मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ लावला आणि केरळ उच्च न्यायालयाचा मालकांना सवलत देणारा निर्णय रद्द केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ऐकायला सारे कडक आहे. पण नोंदणी प्रमाणपत्र उघडून पाहिले तर त्यात चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, घनक्षमता, आसने, चाकांच्या आसांमधील अंतर, रिकाम्या गाडीचे वजन, रंग, इंधन असे तपशील सापडतात. चाके हबला कोणत्या वर्तुळावर बांधली आहेत, याची नोंद त्यात कुठेच नसते. ज्याची नोंद नाही त्यात विसंगती दाखवायची कशी? परिणामी रंग बदलला तर मालकाला कार्यालयात जावे लागते. हबला चार नवी भोके पाडली तर त्याची कागदोपत्री कुणालाही वार्ता लागत नाही. कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडण्याचे सोहळे शहरोशहरी झाले, कारण सायलेन्सर ऐकू येतो. स्टड ऐकू येत नाही.

व्हिंटेज नोंदणीचे नियमही याहून फारसे स्पष्ट नाहीत. मोटार मूळ रूपात असावी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा, असे ते म्हणतात. फेरफार म्हणजे काय हे सांगताना चासी, बॉडी आणि इंजिन यांचा उल्लेख येतो. चाकांचा येत नाही. मग शंभरच्या वर्तुळावर चालणारी पद्मिनी ‘मूळ रूपात’ आहे की नाही? शब्दशः वाचले तर आहे. आशय पाहिला तर नाही. जर्मनीत तीस वर्षांवरील मोटारींना वारसा क्रमांकपट्टी मिळते आणि त्या काळात प्रत्यक्ष होत असलेले बदलही मान्य होतात, पण चाक किंवा स्पेसर बदलला तर त्या भागाची मान्यता तपासली जाते आणि आवश्यक तिथे वाहनाच्या कागदपत्रांत नोंद होते. तिथे बीटल मोटारीचे उदाहरण बोलके आहे. फोक्सवॅगनने स्वतःच १९६७ च्या सुमारास बीटलचे पाच स्टडचे २०५ मिलिमीटरचे वर्तुळ सोडून चार स्टडचे १३० चे घेतले. पुढे हौशी मालकांना पोर्शेची चाके हवीशी झाली, तेव्हा त्या वर्तुळाचे तयार ड्रम विकणारा व्यवसायच उभा राहिला. कारखान्यात पाडलेले भोक आणि गल्लीतल्या ड्रिलने पाडलेले भोक यांतला फरक तिथल्या बाजाराने ओळखला. पद्मिनीसाठी असा बाजार उभा राहील इतकी गिऱ्हाइके नाहीत, आणि म्हणून सारा भार लेथवरच्या माणसाच्या सचोटीवर येऊन पडतो.

वर्ध्याला वाहनातल्या फेरफाराचे वावडे नाही. गांधीजींच्या सेवाग्रामच्या दिवसांतील एक आठवण सांगितली जाते. फोर्ड मोटारीला बैल जुंपले गेले आणि बैल अधिक फोर्ड म्हणून तिला ‘ऑक्स-फर्ड’ हे नाव पडले. विनोद बाजूला ठेवला तरी त्या फेरफारात एक शहाणपण होते. ओढणारा बदलला, चाकांना कोणी हात लावला नाही. बैलगाडीच्या चाकाला तर हा प्रश्नच नसतो. तुंबा आसावर सरकवायचा आणि बाहेरून एक खीळ घालायची. केंद्र एकच, खीळही एकच, आणि ती निघाली की गाडीवानाला ताबडतोब कळते.

व्हिंटेज नोंदणी झालेली मोटार रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ज्याला पद्मिनी रोज चालवायची आहे, त्याला दर पाच वर्षांनी साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करावे लागेल. २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क दहा हजार रुपयांवर गेले आहे. इतके शुल्क घेणाऱ्या यंत्रणेकडून एक अपेक्षा अवास्तव ठरू नये. एमएच-३२ च्या प्रादेशिक कार्यालयात जुनी मोटार तपासणीस येईल तेव्हा निरीक्षकाने एक चाक उतरवून पाहावे, हब मूळचा आहे की भोके पाडलेला, मध्ये चकती आहे काय, याची एक ओळ शेऱ्यात लिहावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही. जॅक आणि पाना पुरतो. अशी नोंद मालकाच्याही हिताची आहे. अपघातानंतर न कळवलेल्या बदलाचे कारण पुढे करून विमा कंपनीने गाडीच्या नुकसानीचा दावा अडवला, तर त्याच्या हाती दाखवायला काहीतरी असेल.

ज्यांनी चाके आधीच बदलली आहेत, त्यांच्यासाठी निदान एवढे करता येण्याजोगे आहे. एका नटाऐवजी चारही नट काढावेत आणि भोकाच्या उताराची कड पाहावी. चकाकी सर्व बाजूंनी सारखी असेल तर नट नीट बसत आहे, एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी असेल तर ते चाक त्या गाडीचे नव्हे. चाक आणि हब यांच्यामध्ये ताज्या रंगाचा जाड थर असेल तर तो खरवडावा, कारण रंग दबला की नट सैल होतो. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावावा. आणि मूळचे लोखंडी रिम विकू नयेत. भंगारात त्यांना वजनाचा भाव मिळतो. गाडीची पन्नाशी भरून व्हिंटेज नोंदणीचा अर्ज लिहायची वेळ येते, तेव्हा तेच चार रिम शोधत मालकाला नागपूरपासून मुंबईपर्यंत जुन्या सुट्या भागांची दुकाने पालथी घालावी लागतात.